काँक्रीटचं आयुष्य बाहेरच्या ४० मिलिमीटरमध्ये ठरतं

२८ दिवसांचा क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायचा ठोकळा) दणक्यात पास झालेला असतो, आणि तरी काही वर्षांनी त्याच स्लॅबच्या खालचे पोपडे पडायला लागतात, आतली गंजलेली सळई उघडी पडते. यात विसंगती काही नाही. क्यूब नीट ठासून भरतात, २८ दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि तो किती दाबाला फुटतो एवढंच बघतात. सळईवर पहारा देतो तो तिच्यावरचा ३०-४० मिलिमीटरचा थर, म्हणजे कव्हर. नेमका हाच थर बांधकामात सगळ्यात वाईट वागवला जातो. व्हायब्रेटर तिथे नीट पोचत नाही, ऊन-वारा आधी त्यालाच सुकवतात, वर सुटलेलं पाणी तिथेच साठतं. म्हणून पुढची प्रत्येक पायरी हा थर घट्ट कसा होईल या हिशेबानेच सांगितली आहे. आतल्या गाभ्याची ताकद त्या ओघात मिळतेच.

आधी कारण समजून घेऊ. चांगल्या काँक्रीटमधल्या छिद्रांतलं पाणी अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२.५ ते १३च्या आसपास. या वातावरणात पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि गंज थांबतो. हे संरक्षण दोन गोष्टी मोडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत पीएच ९च्या खाली आणतो. समुद्राचं वारं, खारं पाणी किंवा खारी वाळू यांतला क्लोराइड तो थर जागोजागी फोडतो. मग गंज चढतो. त्याचं आकारमान मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट असतं, त्यामुळे कव्हर आतून फुटतं.

कार्बन डायऑक्साइड किती खोल शिरतो, ते काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. समजा एखाद्या काँक्रीटमध्ये तो पहिल्या वर्षी ४ मि.मी. आत गेला, तर २० मि.मी. जायला २५ वर्षं लागतील आणि ४० मि.मी. जायला १००. कव्हर निम्मं झालं की आयुष्य निम्मं होत नाही, चौथाईवर येतं. कव्हर ब्लॉक (सळई शटरिंगपासून दूर धरणारा ठोकळा) सरकल्याची किंमत ही एवढी मोठी आहे.

पायरी १: पाण्याचा हिशेब

पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढलं की ताकद घटते हा नियम डफ अब्राम्स यांनी १९१८मध्ये मांडला, आणि अजून तो मोडलेला नाही. सिमेंटची पूर्ण रासायनिक क्रिया व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण ०.३८ ते ०.४२ पट पाणी पुरतं. त्यावरचं पाणी फक्त मिश्रण सैल करायला असतं. पुढे ते उडून जातं आणि मागे बारीक नळ्यांचं जाळं ठेवतं. क्लोराइड आणि कार्बन डायऑक्साइड याच नळ्यांतून येतात. नीट ओलावा राखला तर ०.४० गुणोत्तराच्या काँक्रीटमधल्या या नळ्या साधारण ३ दिवसांत तुटक होतात, ०.४५ला ७ दिवस, ०.५०ला १४ दिवस, ०.६०ला ६ महिने लागतात. ०.७०च्या पुढे त्या कधीच बंद होत नाहीत, कितीही पाणी मारा.

नेहमीच्या चांगल्या आरसीसीसाठी (सळई घातलेल्या काँक्रीटसाठी) एक घनमीटरचं उदाहरण घ्या: सिमेंट ३५० किलो, पाणी १५८ लिटर, वाळू ६९६ किलो, खडी १२४४ किलो (२० मि.मी.ची ६० टक्के, १० मि.मी.ची ४० टक्के) आणि सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यातही मिश्रण सैल ठेवणारं रसायन) ३.५ किलो. गुणोत्तर ०.४५. ५० किलोच्या एका गोणीमागे हे २२.५ लिटर पाणी, ९९ किलो वाळू, १०७ किलो मोठी आणि ७१ किलो बारीक खडी असं पडतं. वाळू-खडीची घनता आणि आकार बदलला की आकडेही बदलतात, त्यामुळे हे थेट उचलू नका. आधी ट्रायल मिक्स (चाचणीचं मिश्रण) घ्या, आणि तो २५ मेगापास्कल (ताकदीचं एकक) च्या कामासाठी निदान ३१-३२ मेगापास्कल देणारा हवा, कारण साइटवर प्रत्येक खेप सारखी येत नाही.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. वरच्या हिशेबातली वाळू आतून भिजलेली पण पृष्ठभागाने कोरडी धरलेली आहे. ढिगातल्या ओल्या वाळूत ५ टक्के पृष्ठभागावरचं पाणी सहज असतं. म्हणजे गोणीमागे जवळजवळ ५ लिटर पाणी वाळूबरोबरच मिक्सरमध्ये गेलं. वरून पुन्हा २२.५ लिटर ओतलं की गुणोत्तर ०.४५वरून ०.५५वर जातं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे: ओली वाळू १०४ किलो घ्यायची आणि पाणी साडेसतरा लिटरच घालायचं.

ओलावा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. ढिगाच्या मधून ५०० ग्रॅम वाळू घ्या आणि तव्यावर ढवळत तापवा. रंग सारखा फिका झाला, दाणे एकमेकांना चिकटेनासे झाले की लगेच उतरवून वजन करा. ४७६ ग्रॅम भरली तर २४ भागिले ४७६, म्हणजे ५ टक्के. दिवसाच्या सुरुवातीला एकदा आणि पाऊस किंवा नवा ढीग आला की पुन्हा करा. खडी कोरडीठाक असेल तर ती उलट पाणी पिते, त्यामुळे तिच्यावर आदल्या दिवशी पाणी मारून ठेवलेलं बरं.

घमेल्याने किंवा मापाच्या खोक्याने माप घेत असाल तर आणखी एक घोळ होतो. ओलसर वाळू फुगते. ५ टक्क्यांच्या आसपासच्या ओलाव्याला आकारमान २५-३० टक्के वाढू शकतं. मापात वाळू पूर्ण दिसते, प्रत्यक्षात कमी पडते. जमेल तिथे वजनानेच घ्या.

मिश्रण घट्ट वाटलं की पाण्याची बादली उचलली जाते. ती सवय मोडायची असेल तर हातात पर्याय हवा, आणि तो म्हणजे सुपरप्लास्टिसायझर. पॉलिकार्बोक्सिलेट प्रकारचा असेल तर तेवढीच सैलता राखून पाणी २० ते ३० टक्के कमी करता येतं. मात्रा सहसा सिमेंटच्या वजनाच्या ०.५ ते १.५ टक्के. कोरड्या सिमेंटवर तो कधी ओतू नका, शेवटच्या थोड्या पाण्यात मिसळून घाला आणि सगळं साहित्य पडल्यावर मिक्सर निदान २ मिनिटं फिरवा. वाळूत माती असेल तर हे रसायन माती शोषून घेते. काल एका मात्रेत झालेलं काम आज दीड मात्रेतही होत नसेल, तर डब्यावर शंका घेण्याआधी वाळू तपासा. मात्रा फार झाली की खडी खाली बसते, वर पाणी सुटतं आणि काँक्रीट तासन्‌तास आवळत नाही.

पायरी २: वाळू, खडी आणि सिमेंट

वाळूतला गाळ मोजायला मापाच्या उभ्या काचपात्रात ५० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत मिठाचं १ टक्का पाणी घ्या. पातळी १०० होईपर्यंत वाळू घाला, मग आणखी पाणी घालून १५० करा, जोरात हलवा आणि ३ तास ठेवा. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जाड असेल तर वाळू धुवून घ्यावी लागेल. क्रश सँडमधली (दगड फोडून केलेल्या वाळूतली) दगडाची स्वच्छ पूड तेवढी वाईट नसते, मातीची असते. समुद्राची न धुतलेली वाळू आरसीसीत कधीच नको. कॅल्शियम क्लोराइड असलेलं लवकर आवळणारं रसायनही नको. एकूण क्लोराइड सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांच्या आसपास पोचला की गंजाचा धोका खरा होतो.

खडी चौकोनी-गोलसर हवी. चपटी-लांबट खडी पाणी जास्त मागते, शिवाय सळयांच्या जाळीत अडकते.

ताकद वाढवायची म्हणजे एक गोणी जास्त टाकायची, ही समजूत फार पक्की बसलेली आहे. पाणी तेवढंच ठेवलं तर ताकद वाढते, हे खरं. पण घनमीटरला ४५० किलोच्या पुढे गेलात की उष्णता आणि आकुंचन दोन्ही वाढतं आणि भेगा पडतात. आणि भेग पडलेल्या मजबूत कव्हरपेक्षा भेग नसलेलं मध्यम कव्हर कधीही चांगलं.

त्याऐवजी सिमेंटचा काही भाग बदला. सिमेंटच्या क्रियेत चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. तो ताकद देत नाही. फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) त्याच चुन्याशी क्रिया करून चिकट जेल बनवते आणि छिद्रं भरते. फ्लाय ॲश २० ते ३५ टक्के, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली दळलेली मळी) ४० ते ७० टक्के, सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिबारीक पूड) ५ ते १० टक्के ही नेहमीची प्रमाणं. किंमत मोजावी लागते ती वेळेत: फ्लाय ॲश आणि स्लॅगचं काँक्रीट सुरुवातीला मंद ताकद घेतं आणि जास्त दिवस ओलावा मागतं. ते द्यायची तयारी नसेल तर हा बदल फायद्याऐवजी तोटाच करील. सिलिका फ्यूमचे कण सिमेंटच्या कणांपेक्षा साधारण शंभर पट बारीक असतात, त्यामुळे वर पाणी सुटतच नाही. पृष्ठभाग लगेच सुकतो आणि पहिल्या तासाभरातच भेगा दिसू लागतात. ६० मेगापास्कलच्या वरच्या कामात ०.३०च्या आसपासचं गुणोत्तर, सिलिका फ्यूम आणि पॉलिकार्बोक्सिलेट हे त्रिकूट सहसा वापरतात, पण घोटाई चालू असतानाच पाण्याची धुकेरी फवारणीही तेवढीच लागते.

जमिनीत सल्फेट असेल तर सल्फेटरोधक सिमेंट वापरतात, कारण त्यात ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट कमी असतं. पण तोच घटक क्लोराइडला बांधूनही ठेवतो. म्हणून समुद्राकाठी डोळे झाकून सल्फेटरोधक सिमेंट घेण्यापेक्षा जास्त स्लॅग असलेलं मिश्रण घ्यावं. काही खड्यांतली सिलिका सिमेंटमधल्या अल्कलीशी क्रिया करून वर्षानुवर्षं फुगत राहते. संशय असेल तर काँक्रीटमधली अल्कली घनमीटरला ३ किलोच्या आत ठेवा आणि निदान २५-३० टक्के फ्लाय ॲश घाला.

पायरी ३: सळई

सळई घेताना वजन तपासा. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो ते: १२ मि.मी.ची ०.८९, १६ मि.मी.ची १.५८. टीएमटी सळईची ताकद तिच्या पाण्याने थंड केलेल्या कडक सालीत असते आणि लवचिकता मऊ गाभ्यात. गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवली की ती साल मऊ पडते. एकदा वाकवलेली सळई सरळ करून पुन्हा वाकवली तर वाकाच्या आतल्या बाजूला केसासारख्या चिरा पडतात. दोन्ही गोष्टी साइटवर रोज दिसतात.

पातळ, घट्ट चिकटलेला तांबूस गंज चालतो. पापुद्रे सुटत असतील तर तारेच्या ब्रशने काढा. शटरिंगला तेल लावायचं ते सळई बांधण्यापूर्वी, कारण तेल लागलेली सळई काँक्रीटला धरत नाही.

कव्हर किती, हे नकाशात असतं. सर्वसाधारणपणे घराच्या आत कोरड्यात २० मि.मी., पाऊस लागणाऱ्या भागात ३० ते ४५, समुद्राजवळ ५० आणि थेट लाटांच्या माऱ्यात ७५. हे माप सगळ्यात बाहेरच्या पोलादापासून, म्हणजे कॉलम-बीममध्ये रिंगेपासून (मुख्य सळयांभोवतीच्या कडीपासून) धरायचं. मुख्य सळईपासून मोजलं तर ८-१० मि.मी. तिथेच गेले. ब्लॉक मूळ काँक्रीटच्याच तोडीचे हवेत आणि मीटरभराच्या आत एक असावा. खडीचा तुकडा, फरशीची कपची किंवा सळईचा तुकडा खाली सरकवणं म्हणजे पाण्याला थेट वाट करून देणं. बांधणीच्या तारेची टोकं आत वळवा. बाहेर आलेलं टोक आधी गंजतं. वरच्या जाळीखाली खुर्च्या (जाळी उचलून धरणारे सळईचे आधार) पुरेशा नसल्या तर माणसं चालून ती जाळी खाली बसते, आणि कॅन्टिलिव्हर छज्जात तो प्रकार जिवावर बेततो.

२५ मेगापास्कलच्या काँक्रीटमध्ये ५०० दर्जाच्या सळईला लॅप (दोन सळया जोडताना एकमेकींलगत ठेवायची लांबी) व्यासाच्या ५० पटीच्या आसपास लागतो. सगळे लॅप एका रेषेत आणू नका, तिथे गर्दी होऊन खडी अडकते. रिंगेचे आकडे १३५ अंशांनी आत वळलेले, शेपूट व्यासाच्या ६ पट आणि किमान ७५ मि.मी. भूकंपात ९० अंशांचे आकडे उघडतात.

पायरी ४: ओतणं आणि ठासणं

काँक्रीटमध्ये १ टक्का हवा अडकून राहिली की ताकद साधारण ५ टक्के घटते. ४० मि.मी.ची नीडल (व्हायब्रेटरचा आत घालायचा दांडा) असेल तर थर ३०० ते ४५० मि.मी.चा, दोन टोचण्यांत २५० मि.मी.च्या आसपास अंतर. नीडल पटकन उभी आत घाला, खालच्या थरात १०० मि.मी. शिरू द्या, बुडबुडे थांबेपर्यंत १० ते १५ सेकंद ठेवा आणि हळू वर काढा. भोक मागे राहिलं तर तुम्ही घाईने ओढली किंवा काँक्रीट फार घट्ट आहे. नीडलने काँक्रीट आडवं ढकलत नेऊ नका. मसाला पुढे जातो, खडी मागे राहते. दीड मीटरपेक्षा उंचावरून थेट सोडू नका. शटरिंगच्या फटी आधीच बुजवा, कारण तिथून स्लरी (सिमेंटचं पातळ मिश्रण) वाहून गेली की नेमक्या कव्हरमध्येच मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. अशी भोकं दिसली की लगेच वरून गिलावा मारून झाकतात, आणि तीच जागा पुढे आधी फुटते.

वर सुटलेलं पाणी दिसत असताना घोटाई करू नका आणि त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरू नका. तो थर कमकुवत राहतो आणि सुटतो.

पायरी ५: ओलावा राखणं

नुसतं पाणी मारणं म्हणजे क्युअरिंग नव्हे. सकाळी मारलं, दुपारी पृष्ठभाग पांढरा पडला, संध्याकाळी पुन्हा मारलं, यात कव्हरमधली क्रिया दर दुपारी थांबते. पृष्ठभाग एकदाही सुकू द्यायचा नाही, एवढाच नियम. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा. कॉलम आणि बीमच्या बाजू दुर्लक्षित राहतात: शटरिंग काढल्या काढल्या ओलं गोणपाट गुंडाळा आणि वरून प्लॅस्टिक आवळा. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲश-स्लॅग असेल किंवा ऊन कडक असेल तर १० ते १४. पहिल्या काही तासांत, म्हणजे पाणी साठवण्याआधी, प्लॅस्टिकने झाकणं महत्त्वाचं. वाऱ्याने तासाला चौरस मीटरमागे १ लिटरच्या आसपास पाणी उडायला लागलं की ओल्या काँक्रीटलाच भेगा जातात. इमारतीच्या जाड पायाच्या काँक्रीटमध्ये आतलं तापमान ७० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देऊ नका आणि आत-बाहेरचा फरक २० अंशांत ठेवा. तिथे थंड पाण्याचा मारा उलट घातक ठरतो.

वेगळ्या सळया आणि तंतू

समुद्रकाठच्या कामात स्टेनलेस सळईचा सगळ्यात बोलका दाखला मेक्सिकोतल्या प्रोग्रेसो बंदराचा आहे. तिथला धक्का १९३७ ते १९४१ दरम्यान स्टेनलेस सळई घालून बांधला आणि तो टिकला. शेजारी नंतर साध्या सळईने बांधलेला धक्का मात्र गंजून पडला. खर्च फार असल्याने स्टेनलेस सगळीकडे नव्हे, फक्त भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वापरणं शहाणपणाचं. इपॉक्सी लावलेल्या सळईवर एक ओरखडा राहिला तरी सगळा गंज त्याच बिंदूवर खोल जातो, त्यामुळे हाताळणी आणि दुरुस्तीचा रंग यात कंजुषी नको. शिवाय पकड कमी असल्याने लॅप वाढवावा लागतो.

काचतंतूंची सळई गंजत नाही, हलकी असते, पण ती पोलादाला 'तेवढ्याच व्यासाचा पर्याय' म्हणून विकली जाते तेव्हा सावध व्हा. तिचं ताठपण साधारण ४५ ते ६० गिगापास्कल, पोलादाचं २००. त्यामुळे तेवढ्याच भाराला स्लॅब जास्त झुकतो आणि भेगा रुंदावतात. ती साइटवर वाकत नाही, आगीत लवकर हार मानते, आणि ताणली जाऊन आधी इशारा न देता एकदम तुटते. तिचं डिझाइन मुळातूनच वेगळं करावं लागतं.

पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू घनमीटरला ०.९ किलो घातले की पहिल्या तासांतल्या भेगा कमी होतात. भार पेलायला त्यांचा उपयोग नाही. पोलादी तंतू २० ते ४० किलो घातले तर फ्लोअरला भेगेनंतरही धरून ठेवतात. ते एकदम ओतले की गोळे होतात, पसरून घाला.

तपासणी, आणि बिघडलं तर

स्लम्प (मिश्रण किती सैल आहे याचं माप) प्रत्येक गाडीला घ्या. सळई दाट असलेल्या बीमला १०० मि.मी.च्या आसपास लागतो. ७ दिवसांचा क्यूब २८ दिवसांच्या साधारण ६५ टक्क्यांवर यायला हवा. जुन्या इमारतीत कव्हरला भोक पाडून ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारा: गुलाबी झाला तर अल्कधर्म शाबूत, रंगहीन राहिला तर तिथपर्यंत कार्बन डायऑक्साइड पोचला. ही खोली आणि कव्हरमीटरने मोजलेलं कव्हर शेजारी ठेवलं की गंज आत्ताच आला आहे की यायला वेळ आहे ते कळतं. क्लोराइडचं मात्र या रंगावरून काहीच कळत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या खोलीवरची पूड काढून तपासावी लागते.

पोपडे पडलेली जागा दुरुस्त करताना नुसतं सैल काढून मसाला थापू नका. सळईच्या मागे २०-२५ मि.मी. जागा मोकळी होईपर्यंत आणि स्वच्छ सळई दिसल्यावरही दोन्हीकडे ५० मि.मी. पुढे फोडा. कडा मशीनने १० मि.मी. खोल सरळ कापा, पातळ कडा उचकटतात. सळई चकचकीत घासा. सळईच्या छेदाचं एक चतुर्थांश क्षेत्रफळ गेलं असेल तर शेजारी नवी सळई लागेल, आणि तो निर्णय संरचना अभियंत्याचा. जुनं काँक्रीट भिजवून पृष्ठभाग कोरडा झाल्यावर मसाला भरा. क्लोराइडमुळे झालेल्या गंजात आणखी एक गंमत होते: दुरुस्त केलेला तुकडा इतका चांगला होतो की गंज त्याला सोडून लगेच शेजारच्या जुन्या भागात सुरू होतो. तिथे कडेला सळईला जस्ताचे बळी-अॅनोड (सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) बांधावे लागतात, नाहीतर दोन-चार वर्षांत दुरुस्तीच्या भोवती नवी पोपड्यांची कडी उमटते.